मुलाची कमाई आणि आईचे रेशन

निवृत्त झाल्यापासून ओळखीचे लोक मला दोनच प्रश्न विचारतात. पहिला म्हणजे, दाखला किती दिवसांत मिळतो? तो सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारला जातो. दुसरा मात्र जरा बाजूला घेऊन, दबक्या आवाजात येतो. ‘साहेब, मुलगा कॉलेज सांभाळून संध्याकाळी एका दुकानात जातो. चार पैसे मिळतात. ते अर्जात लिहायचे का? लिहिले तर रेशन बंद नाही ना होणार?’

महसूल खात्यात माझी तीस वर्षे गेली. त्यातली बरीचशी पुरवठा शाखेत, म्हणजे रेशनकार्डांच्या ढिगाऱ्यात. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला तोंडपाठ असेल असे लोकांना वाटते. पण हे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. एकदा मी ते तसे दिले होते आणि ते चुकले होते. तिथूनच सुरुवात करतो.

गोष्ट २०१७ च्या जानेवारीतली. तालुक्याच्या गावी कार्डांची पडताळणी चालू होती. एक बाई आल्या. नवरा वारलेला, तीन घरची धुणीभांडी करत. त्यांचे महिन्याचे तीन हजार रुपये. मुलगा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला, मुलगी आठवीत. कार्ड केशरी आणि त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का. माणशी ५ किलो याप्रमाणे तिघांचे १५ किलो धान्य त्यांना मिळे. तेव्हा गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो होता, म्हणजे महिन्याचे धान्य पन्नास रुपयांच्या आत घरात येत होते.

मी विचारले, ‘मावशी, मुलगा काय करतो?’

‘शिकतो ना साहेब. आणि संध्याकाळी औषधाच्या दुकानात जातो. अडीच हजार देतात. आपली फी आपणच भरतो बघा.’

हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. मी मान खाली घालून कॅल्क्युलेटर ओढला. ३,००० गुणिले १२, झाले ३६,०००. २,५०० गुणिले १२, झाले ३०,०००. बेरीज ६६,०००. शहरी भागातल्या प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक मर्यादा ५९,०००. मी शेरा लिहिला, ‘उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त’, आणि खाली सही केली.

चूक कुठे झाली ते तेव्हा मला कळलेही नाही. तो मुलगा दिवाळीनंतर, नोव्हेंबरात कामाला लागला होता आणि मार्चअखेर परीक्षेसाठी काम सोडणार होता. म्हणजे एकूण पाच महिने. त्याची वर्षभराची खरी कमाई १२,५०० रुपये. आईच्या ३६,००० मध्ये ती मिळवली तर होतात ४८,५००, म्हणजे मर्यादेच्या चांगलेच आत. मी ‘किती मिळतात’ एवढेच विचारले होते. ‘किती महिने’ हे विचारलेच नाही. सवयीने बाराने गुणून मोकळा झालो.

केशरी कार्ड त्यांच्याजवळच राहिले, पण त्यावरचे धान्य गेले. जून महिन्यात बाई पुन्हा आल्या. मुलाचे काम सुटले होते आणि वर्गाची फी भरायची होती. तोपर्यंत त्यांची जागा भरली गेली होती. अन्नसुरक्षेच्या यादीला एक ठरलेली कमाल संख्या असते. तिला आमच्या भाषेत इष्टांक म्हणतात. इष्टांक भरला की कितीही गरजू माणूस आला तरी त्याने थांबायचे. त्या बाई दोन वर्षे थांबल्या.

दोन वर्षांनी त्यांचा अर्ज पुन्हा माझ्यापुढे आला. मी तोच प्रश्न विचारला. ‘मुलगा काय करतो?’ या खेपेला त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिले, ‘घरीच असतो साहेब. काही करत नाही.’ मुलगा दाराबाहेर उभा होता. अंगात कुठल्याशा दुकानाचे नाव छापलेला शर्ट होता. मी पुढे काही विचारले नाही. धान्य सुरू झाले. पण जी बाई दोन वर्षांपूर्वी एका प्रश्नाला चार खरी उत्तरे देत होती, तिला खोटे बोलायला आम्हीच शिकवले होते. आपल्या कष्टाळू मुलाला चारचौघांत रिकामटेकडा म्हणायची वेळ तिच्यावर आणली होती.

तेव्हापासून या प्रश्नाकडे मी नीट बघू लागलो. शिकणाऱ्या मुलाची कमाई धरायची की नाही, हे दोन गोष्टींवर ठरते. एक, त्या योजनेत ‘कुटुंब’ कोणाला म्हटले आहे. दोन, ‘उत्पन्न’ कशाला म्हटले आहे. गंमत अशी की आपल्या घरात माणसे तीच असली तरी सरकारदरबारी आपली कुटुंबे अनेक असतात. प्रत्येक योजनेचे कुटुंब वेगळे. काही उदाहरणे घेऊ.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मिळणारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घ्या. तिथे अडीच लाखांची मर्यादा आहे ती पालकांच्या उत्पन्नाला. आई-वडिलांपैकी एक जरी हयात असेल तर फक्त त्यांचे उत्पन्न बघायचे, घरातले दुसरे कोणी कमावत असले तरी ते धरायचे नाही, असे हे सूत्र आहे. भाऊ नोकरीला असेल तरी त्याचा पगार यात येत नाही. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला वेगळे नियम लागतात. पण संध्याकाळी दोन तास शिकवण्या घेणाऱ्या मुलीने या शिष्यवृत्तीसाठी घाबरण्याचे कारण नाही.

इतर मागासवर्गीयांच्या नॉन-क्रीमी लेयर दाखल्याचेही तसेच. २०१७ मध्ये त्याची मर्यादा ८ लाख झाली. तीही आई-वडिलांच्या उत्पन्नाला आहे. उमेदवाराची स्वतःची कमाई त्यात मोजत नाहीत. इतकेच नव्हे, तर उत्पन्नाच्या कसोटीत पालकांचा पगार आणि शेतीचे उत्पन्नही मिळवत नाहीत. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक आपण अपात्र आहोत असे समजून अर्जच करत नाहीत.

आता आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, म्हणजे ज्याला सगळे ईडब्ल्यूएस म्हणतात, त्याकडे या. २०१९ च्या केंद्र सरकारच्या नियमात मर्यादा तीच, ८ लाख. पण कुटुंब बदलले. अर्जदार स्वतः, त्याचे आई-वडील, १८ वर्षांखालील भावंडे, तसेच पती किंवा पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले, असे हे कुटुंब. उत्पन्नही सर्व मार्गांचे, पगार आणि शेतीसकट. समजा वडिलांचे वार्षिक उत्पन्न ७ लाख ६० हजार आहे आणि मुलीने वर्षभर शिकवण्या घेऊन ६० हजार मिळवले. बेरीज ८ लाख २० हजार. दाखला गेला! तिच्या एकोणीस वर्षांच्या भावाने तेवढेच मिळवले असते तर मात्र तिच्या अर्जात ते आलेच नसते. मर्यादेचा आकडा दोन्हीकडे ८ लाखच आहे, पण तो लावायचा कोणाच्या कमाईला, याचे उत्तर अगदी उलटे.

रेशनकार्डावर हिशेब संपूर्ण कुटुंबाचा. कार्डावर ज्यांची नावे आहेत त्यांची मिळून कमाई बघतात. प्राधान्य कुटुंबासाठी शहरात ५९ हजार आणि ग्रामीण भागात ४४ हजार ही मर्यादा २०१३ च्या अखेरीस ठरली आणि वर्षे उलटली तरी तीच चालत राहिली. मधल्या काळात मजुरी वाढली, भाव वाढले. ५९ हजारांना बाराने भागून बघा, महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. घरोघर पार्सले पोचवणारा मुलगा एकटाच ही रेषा सहज ओलांडतो.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. तिथे मर्यादा अडीच लाखांची, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व त्यांची अविवाहित मुले. म्हणजे कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी आईच्या कुटुंबात आली. शिवाय कुटुंबातले कोणी आयकर भरत असेल तर लाभ नाही, अशीही अट घातलेली होती.

सगळ्यांत अवघड गोष्ट निराधारांची. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता, गंभीर आजारी अशा लोकांना दरमहा अर्थसाहाय्य मिळते. २०२३ मध्ये ते १,५०० रुपये झाले. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा वर्षानुवर्षे २१ हजार राहिली. महिन्याला झाले १,७५०. आईने एक रुपयाही मिळवला नाही आणि मुलाने महिना दोन हजारांचे काम धरले, तरी रेषा ओलांडली. शिवाय मुले २५ वर्षांची होईपर्यंत किंवा त्यांना नोकरी लागेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवरच मदत, अशी अटही त्या नियमांत दीर्घकाळ होती. आता दुकानात संध्याकाळी चार तास पुड्या बांधणे याला नोकरी म्हणायचे का? हे टेबलामागचा माणूस ठरवतो. एक म्हणतो हो, दुसरा म्हणतो नाही.

म्हणूनच आपल्याकडे नेमके २१ हजारांचे दाखले इतके निघतात. ज्यांनी कधी तहसीलच्या आवारात चक्कर मारली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. अर्जदाराला खरे उत्पन्न माहीत असते, देणाऱ्यालाही ते माहीत असते, आणि दोघे मिळून रेषेच्या अलीकडचा एक आकडा शोधतात. नियम इतका तोकडा केला की माणसे तो मोडत नाहीत, त्याच्या मापाची होऊन दाखवतात.

या मर्यादांचा मूळ दोष असा की त्या पायऱ्यांसारख्या नाहीत, कड्यासारख्या आहेत. ५८,९०० ला सगळे धान्य आणि ५९,१०० ला काहीच नाही. दोनशे रुपयांनी घर श्रीमंत होत नाही. दुसरा दोष काळाचा. विद्यार्थ्याची कमाई हंगामी असते. सुट्टीत असते, परीक्षेत नसते. दुकानदाराला दुसरा मुलगा मिळाला की संपते. पण त्या कमाईमुळे गेलेली मदत सहजासहजी परत येत नाही. पाच महिन्यांच्या कमाईसाठी दोन वर्षांचे धान्य, हा सौदा कोणती आई करील? ती मुलाला सांगते, ‘नको जाऊस कामाला.’ किंवा सांगते, ‘जा, पण कुणाला बोलू नकोस.’ दोन्ही उत्तरे घराच्या आणि समाजाच्या नुकसानीची आहेत.

कुणी म्हणेल, सरकारने तरी काय करावे? पैसा मर्यादित आहे, खऱ्या गरजूला मिळायला हवा. हे मला मान्य आहे. मी आयुष्यभर तेच काम केले. पण दुसरी वाट नाही असे नाही. आपल्याच आयकर कायद्यात ती आहे. अज्ञान मुलाच्या नावावर व्याज किंवा भाडे येत असेल तर ते आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवतात. मात्र त्याने अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कौशल्याने मिळवलेला पैसा पालकांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत. म्हणजे ज्यांना आयकराची चिंता आहे अशा घरातल्या मुलाची मेहनत त्याची स्वतःची, आणि ज्या घराला रेशनची चिंता आहे तिथल्या मुलाची मेहनत मात्र सगळ्या घराची!

परदेशांतही हा पेच पडलेला आहे. जर्मनीत कमाई अपुरी असलेल्या कुटुंबाला सरकार निर्वाहभत्ता देते. त्या घरातल्या मुलाने शिकता शिकता काम केले की त्याच्या कमाईतले पहिले १०० युरो सोडून देत आणि त्यापुढच्या रकमेतला फक्त पाचवा हिस्सा त्याच्याकडे ठेवत. म्हणजे मुलाने महिन्याला ५०० युरो मिळवले तर त्याचे १८० आणि बाकीचे ३२० घराच्या भत्त्यातून वजा. शेजारच्या सुखवस्तू घरातला मुलगा तेवढ्याच कामाचे सगळे ५०० खिशात घालणार. यावर बरीच टीका झाली आणि जुलै २०२३ पासून तिथे नियम बदलला. पंचविशीच्या आतल्या, शिकणाऱ्या मुलांना तेव्हाच्या हिशेबाने महिन्याला ५२० युरोपर्यंतची कमाई पूर्णपणे ठेवता येऊ लागली, आणि शाळकरी मुलांनी सुट्टीत केलेल्या कामाचे पैसे तर हिशेबातच धरायचे नाहीत असे ठरले. मेहनत केली तर पैसा हातात राहतो, हे गरीब घरच्या मुलालाही कळले पाहिजे, असा त्यामागचा विचार होता.

हा विचार आपल्याला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज उभे केले. ते ‘कमवा आणि शिका’ याच पायावर. पुणे विद्यापीठाची अशीच योजना त्यांच्या नावाने चालते. कमावत शिकणाऱ्या मुलाचा ज्या महाराष्ट्राने इतका गौरव केला, त्याच महाराष्ट्रात तो मुलगा पडताळणीच्या टेबलासमोर आला की अडचण ठरावा, हे बरे दिसत नाही.

माझ्या अनुभवातून मला तीन बदल सुचवावेसे वाटतात. पहिला, पंचवीस वर्षांपर्यंतच्या, प्रत्यक्ष शिकत असलेल्या मुलामुलींची ठरावीक रकमेपर्यंतची कमाई सर्वच कल्याणकारी योजनांत वगळावी. कॉलेजच्या बोनाफाइड दाखल्यावर हे सहज होऊ शकते. दुसरा, मर्यादा ओलांडल्याबरोबर नाव काढू नये. वर्षभर ते राखून ठेवावे आणि कमाई टिकली तरच काढावे. तिसरा, ‘कुटुंब’ या शब्दाचा अर्थ अर्जाच्या पहिल्याच पानावर, साध्या मराठीत छापावा.

हे होईल तेव्हा होईल. तोवर घरात शिकणारे आणि कमावणारे मूल असेल त्यांनी काय करावे?

घाबरून काम सोडू नका. आधी योजनेचा शासन निर्णय बघा. तो सरकारच्या संकेतस्थळावर असतो, आणि घरातले कॉलेजचे मूल तो पाच मिनिटांत शोधून देईल. त्यात ‘कुटुंब’ शब्दाची व्याख्या आणि उत्पन्नाची अट, या दोन ओळी वाचा. मर्यादांचे आकडे बदलत असतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर विसंबू नका.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज करताना प्रत्येकाची कमाई वेगवेगळी लिहा. एकच दाखला चार ठिकाणी लावायची आपल्याला सवय असते, पण वर पाहिल्याप्रमाणे चारही ठिकाणची कुटुंबे वेगळी असू शकतात. सगळ्यांची मिळून एकच रक्कम लिहिली असेल तर जिथे मुलाची कमाई वगळायला हवी तिथेही ती मोजली जाते, आणि मग ती वेगळी काढून दाखवणे कठीण होते.

मुलगा जिथे काम करतो तिथून एक साधी चिठ्ठी घ्या. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, रोज किती तास, एकूण किती रुपये. दाखला वर्षाच्या उत्पन्नाचा असतो, महिन्याच्या नव्हे. कुणी बाराने गुणू लागले तर ती चिठ्ठी पुढे करा आणि नम्रपणे सांगा, ‘साहेब, पाचच महिने.’ माझ्यापुढे त्या दिवशी अशी चिठ्ठी असती तर माझी लेखणी थांबली असती, असे मला वाटते.

आणि खोटे लिहू नका. खोटे स्वयंघोषणापत्र देणे हा गुन्हा आहे, हे तर आहेच. पण आता आधार, बँक खाते आणि पगाराच्या नोंदी एकमेकींशी जोडल्या जात आहेत, त्यामुळे लपवलेले उद्या उघडे पडू शकते. लाभ नाकारला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. कारण लेखी मागा. लेखी कारण हातात असले की वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि लेखी द्यायचे म्हटले की देणाराही नियम पुन्हा एकदा वाचतो.

त्या बाईंचा मुलगा पुढे पदवीधर झाला. मागे एकदा बाजारात भेटला, आता एका दुकानात हिशेब बघतो म्हणाला. माझी ओळख त्याला होती की नाही, कोण जाणे. तो काही बोलला नाही, मीही त्या कार्डाचा विषय काढला नाही. घरी येताना मात्र मनाशी हिशेब केला. दोन वर्षांचे, तिघांचे, महिना १५ किलोप्रमाणे ३६० किलो धान्य. एका प्रश्नाची किंमत. ‘किती महिने?’ एवढाच तो प्रश्न होता. टेबलामागे बसणाऱ्यांनी तो विचारायला शिकावे, आणि टेबलासमोर उभे राहणाऱ्यांनी, कुणी विचारले नाही तरी, त्याचे उत्तर बरोबर ठेवावे.